दूध सोमवारपर्यंत बंद

पासपोर्ट आले नाहीत.
पण दूध बंद केलेलं होतं, पेपर बंद,
तुळशीची कुंडी चौबळकाकूंच्या खिडकीत,
आणि घणसोलीतल्या आमच्या साती मजल्यांना ठाऊक होतं
की शुक्रवारी रात्री आम्ही यॉर्कला निघतोय.
घरी राहायचं तर कुठल्या तोंडाने?

उमाकांत म्हणाला, चल.
बॅग तीच. तिच्यात माझा मरून स्वेटर,
त्याचे थर्मल बनियन, पाव किलो बाकरवडी.
बाहेर मे महिना.
वॉचमन म्हणाला, हॅपी जर्नी.
उमाकांतने त्याला शंभर रुपये दिले,
विलायतेला निघालेल्या माणसाने द्यावेत तसे.

ठाणे.
लॉजच्या रजिस्टरमध्ये 'कुठून आलात' या रकान्यात
घणसोली लिहिताना त्याचं पेन अडलं.
मॅनेजरने आधार कार्डं पाहिली, मग माझं मंगळसूत्र,
मग एवढंच म्हणाला,
एसीचा रिमोट हरवलाय. अठरावर अडकलाय.

सकाळी त्याने कागद उघडला,
ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेला, चार घड्यांचा.
दहा वाजता : तटबंदीवरून फेरी.
साडेबारा : कॅथीड्रल.
चार : नदीत होडी.
गावाचं नाव तेवढं खोडू, म्हणाला. बाकी राहू दे.

तटबंदी ठाण्यालाही आहे.
किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला,
इंग्रजांनी कुलूप लावलं.
ते अजून तिथेच आहे.
भिंतीवरून फिरता येत नाही, भिंतीखालून येतं,
तेही शिपाई बघत नसेल तर.
झाडाखाली एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.
सरकून तिने मला जागा दिली.
"तुमचं कोण आहे आत?"

कोणी नाही, मी म्हटलं. बघायला आलोय.
"काय?"
भिंत.

तिने मान वर केली, बहुतेक पहिल्यांदाच,
आणि साडीचा पोत बघावा
तशी ती भिंत बघत राहिली.
"जाड आहे," म्हणाली.
पिशवीतली दोन केळी काढून उमाकांतच्या हातावर ठेवली.
"आत घेत नाहीत. तुम्ही खा."

केळी खाता आली नाहीत. टाकताही येईनात.
ती घेऊनच आम्ही तळ्याजवळच्या चर्चमध्ये गेलो.
आत कुणाचं तरी लग्न होतं.
शेवटच्या बाकावर बसलो, बिनबोलावलेले, घामेजलेले.
नवरी हो म्हणाली तेव्हा उमाकांतने माझ्याकडे पाहिलं.
मी घड्याळाकडे.

नदीऐवजी मासुंदा.
हंसाच्या आकाराची होडी, पायडलची.
दोन फेऱ्यांत त्याचा गुडघा बोलायला लागला, मग मी मारलं.
मधोमध थांबलो.
वीस वर्षं आम्ही ठाण्याला उतरतो,
नऊ नंबरवरून जिना, जिन्यावरून दोन नंबर,
आणि हे एवढं पाणी जिन्यापासून चालत दहा मिनिटांवर.
केळी तिथे खाल्ली.
सालं कागदात गुंडाळली,
साडेबाराच्या आणि चारच्या मधली घडी ओली झाली.

रात्री तीनला दात वाजायला लागले.
मी स्वेटर चढवला. त्याने थर्मल घातलं, वरून माझी ओढणी.
अंधारात मी विचारलं,
तुझं कोण आहे आत?

तो बराच वेळ गप्प होता.
खाली कुणीतरी शटर ओढलं, मग पुन्हा उघडलं.
त्याने माझे हात स्वेटरच्या बाह्यांतून शोधून काढले,
आणि म्हणाला,
या एसीचं काहीतरी करायला हवं.

रविवारी कागदावर डरहॅम होतं.
आम्ही अकरापर्यंत झोपलो.

सोमवारी चौबळकाकू दारात.
कसं होतं?
जुनं, मी म्हटलं. भिंती जाड. माणसं चांगली.
थंडी मात्र फार, उमाकांत आतून ओरडला,
आणि शिंकला, खरोखरीचा.

काकू कुंडी ठेवून गेल्या.
पाणी जास्त झालं होतं तुळशीला,
बशीतून उंबऱ्यापर्यंत
एक बारीक ओघळ आला होता.