पाठ

फोंड्याच्या वरच्या बाजारात, नऊ पायऱ्या उतरून
तळघरात माझं बाइंडिंगचं दुकान.
कटिंग मशीनपाशी सात फरश्या सुटल्या होत्या,
पाय पडला की खालून कुणीतरी करकर दात खायचं.

इनास आला, कुडचड्याहून, सकाळच्या बसने.
चहा नंतर, म्हणाला. थापीच्या दांड्याने
एकेक फरशी ठोकत गुडघ्यांवर सरकत गेला,
कान जमिनीकडे.
टक्. टक्. टक्. मग डब्.
"आयक मरे." आणि खडूची फुली.
मी सात मोजल्या होत्या, फुल्या झाल्या अकरा.

सांधे खरवडून त्याने छिनी आडवी घातली.
पहिली फरशी न तुटता वर आली
आणि तिची पाठ कोरी,
दुकानातून आणली तेव्हा होती तशी.
खाली काँक्रीटवर सिमेंटचे पाच गोळे,
कोपऱ्यांना चार, मधे एक,
बाकी नुसती हवा
आणि कुठल्याशा वर्षीचे वाळलेले मुंगळे.

मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच,
खळ पाठभर पोचली नाही की पुस्तक पानं सोडतं.
तो काही बोलला नाही.
मधल्या गोळ्यावर अंगठ्याचा ठसा होता,
खोल, तिरपा, नख अर्धंच.
इनासने उजवा अंगठा मुठीत घेतला.
बिल्डिंग कधीची?
सत्त्याण्णवची, मी म्हटलं.
"त्या वर्सा दिसाक साठ मीटर घालताले आमी."
आणि हातोडीने तो गोळा आधी फोडला.

रात्रभर उघड्या काँक्रीटवर प्लास्टिक,
चारी कडा पट्टीने बंद.
सकाळी त्याच्याखाली थेंब नव्हता. "सुकें आसा."
मग दातेरी थापीने चिकटाच्या ओळी ओढल्या,
फरशीच्या पाठीलाही एक हात फिरवला,
बसवली, दाबली,
आणि बसलेली पुन्हा उचलून मला दाखवली.
एवढीसुद्धा जागा कोरी नव्हती.
"पळय," म्हणाला. मी पाहिलं.

दोन दिवस तिथे पाय ठेवायचा नव्हता.
पंचायतीची रजिस्टरं मी जिन्यावर बसून शिवली.

पैसे त्याने घेतले पिशवीचे आणि बसच्या तिकिटाचे.
मजुरीचं मी एकदाच विचारलं.

तो गेल्यावर शटर अर्धं ओढून
हातोडीच्या दांड्याने सगळं दुकान ठोकत फिरलो.
दाराशी एक डब् वाजली.
खडू खिशात होता.
तिच्यावर मी अजून फुली मारलेली नाही.