हाडानं ऐकायचं

गंगावेशीतल्या माझ्या दुकानात
दौलू वस्ताद आले, मुठीत पांढरी डबी.
"लेकीनं पाठवल्यात हिंजवडीतनं.
कानातच ऱ्हाईनात."

डबीत रबरी टोप्या, तीन मापांच्या.
बारीक बसवली, पडली.
मधली पडली.
मोठी काउंटरखालनं झाडूनं काढली.

कान कसले, तालमीच्या मातीत
चाळीस वर्षं मळून वाळलेले दोन गोळे,
भोकाच्या जागी नुसती चुणी.
हे माप कुठल्या कंपनीनं घेतलेलंच नाही.

मग शोकेसमधला पट्टा काढला,
कानात न शिरणारा, गालफडावर टेकणारा.
"वस्ताद, ह्याचा आवाज हाडातनं जातो."
ते हसले. "मग आमी दुसरं काय केलं रं?
मानंवर हात पडला की गड्याचा दम
हितं कळायचा."
जबड्यावर बोट.

लेकीला फोन लावला.
मला ऐकू आली एकच बाजू:
"व्हय. व्हय. जेवलीस?"
मग बराच वेळ काहीच नाही,
डोळे मिटलेले, मान जरा पुढं,
समोरचा डाव टाकायच्या आधी
थांबावं तशी.

पट्टा घेतला. पायरीवरनं माघारी आले
डबी न्यायला.
"लेक आली की
कानात दिसाय पायजेत."