वीत

आमच्याकडचा फुटबॉल हाताने खेळतात.
म्हणून मी सव्वीस वर्षं
पोरांचे हात मोजत हिंडलो,
ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनियाच्या कडेकडेची गावं,
डिकीत मोजपट्टी, थर्मास, सुके मोजे.

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत.
नऊ इंचांच्या खाली आलं
की फोनवर पलीकडे शांतता.

ऑरिन लेस्कोची वीत भरली
नऊला एक सूत कमी.

त्या शनिवारी बर्फाची भुकटी उडत होती.
चौथा क्वार्टर. त्याने फेकलेला चेंडू
थेट समोरच्या संघाच्या छातीत.
कोच ओरडला. स्टँडमधून त्याचा बापही.
हा चालत गेला त्या जाड्या मुलाकडे
ज्याच्या हातून अडवायचा गडी निसटला होता,
आणि त्याच्या हेल्मेटचा सुटलेला पट्टा
लावून दिला.
काही बोलला का, माहीत नाही.
माझ्या दुर्बिणीवर वाफ धरली होती.

फॉर्मवर रकाना होता : नेतृत्व, एक ते नऊ.
मी सहा लिहिलं.
पट्टा कुठे लिहायचा
तो रकाना नव्हता.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
क्वार्टरबॅकचे दिसतात
सव्वाशे किलोचे चौघे अंगावर येत असताना,
आणि झोका असतो अडीच सेकंदांचा.

एप्रिलमधली बैठक. काचेपलीकडे इरी सरोवर,
काठाला अजून मळकट बर्फ.
कॉनराड बेल म्हणाला, हात लहान आहे,
डिसेंबरात आपल्या मैदानावर चेंडू साबण होतो.
खोटं नव्हतं ते.
मिसेस श्राइबर, संघाच्या मालकीणबाई, एवढंच म्हणाल्या :
पोस्टरवर कसा दिसेल?
कोणी हसलं नाही. धंद्याचा प्रश्न होता, रास्त होता.
सगळे माझ्याकडे बघत होते.
मी फॉर्मकडे बघितलं.
सहा.

आम्ही टेक्सासचा घेतला. साडेसहा फूट उंच,
वीत अशी की कलिंगड एका हातात.
पहिल्या वर्षी चार सामने जिंकलो, मग तीन,
मग त्याचा गुडघा गेला.
कोच बदलले, कोचचे कोच बदलले,
आणि दर ऑगस्टला आकडा यायचा :
तीन अब्ज. साडेतीन. चार अब्ज दहा कोटी.
मला हे कधी उमगलं नाही.
जमीन नाही, सोनं नाही,
हरलेल्या रविवारांची चळत,
आणि तिचा भाव चढतोच आहे.
बेल म्हणायचा, दुकानं मोजकी आहेत रे,
नवं कोणी काढू देत नाही,
आतला माल कोण बघतो.

बाईंनी विकला शेवटी.
घेणारा विमानातून उतरला आणि विचारता झाला,
हा समुद्र कोणता?
मला एक घड्याळ मिळालं. पुढे जातं.

या ऑक्टोबरात छप्पर गळायला लागलं.
ट्रकवर नाव होतं : लेस्को आणि मुलगा.
शिडीवरून उतरून त्याने माझ्याकडे पाहिलं,
जरा जास्त वेळ.
मोजपट्टीवाले ना तुम्ही?
हो म्हटलं. आणखी काय म्हणणार.

स्वतःची पट्टी तो ट्रकमध्येच विसरला होता.
वर गेला, गुडघ्यावर बसला,
कुजलेल्या फळीवर पंजा फाकवला :
एक वीत, दोन, तीन, चार,
आणि वर तीन बोटं.
खाली करवत धरून उभ्या पोराला ओरडून आकडा दिला.
मी म्हटलं, असं चालतं?
म्हणाला, माझी वीत नऊला एक सूत कमी आहे.
ते धरून चालतो मी.

फळी बसली.
हातोडीचा एकच हलका ठोका पडला.

पैसे किती, विचारलं.
सातशे चाळीस डॉलर.
मी घासाघीस केली नाही.
त्याने नोटा दोनदा मोजल्या.