कन्या राशीत असते

फाहाहीलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची खोली,
सहा खाटा, एक एसी, त्याच्याखाली तुपाचा रिकामा डबा.
थेंब. थेंब.
दोन दिवस तोज सुटलाय, बाहेर नुसती धूळ,
खिडकीच्या फटींत आम्ही ओले कागद कोंबलेत,
आणि लुकमान तिसेकर माझ्या उशाशी येऊन बसलाय.
हातात खुबूसचा तुकडा. खातही नाही, ठेवतही नाही.

"मास्तर, सनोबरला लिवायचा हाय."

मी मास्तर नाही. पाइपांच्या गोदामात आवक-जावक लिहितो.
अक्षर बरं, म्हणून पूर्वी अख्ख्या मजल्याची पत्रं माझ्याकडे यायची.
आता अक्षर कुणाला हवंय?
आता फोनमध्ये मशीन आहे,
आणि फोन त्यातल्या त्यात माझा चांगला आहे.

मशीनला सांगितलं: बाप कुवेतला, मुलगी अकरा वर्षांची,
तीन महिने फोनवर येत नाही, समजुतीचं काही लिही.
चहा गाळायच्या आत आलं:
"माझ्या लाडक्या कन्ये, प्रेमाला अंतराच्या सीमा नसतात.
तू केवळ माझी मुलगी नाहीस, तर माझा श्वास आहेस."

लुकमान म्हणाला, "कन्या राशीत असते. आमच्यात नाय."
मग बऱ्याच वेळाने,
"श्वास पण काढ. मना दमा हाय, ती घाबरंल."

मी लिहिलं: माणसासारखं लिही.
तर ओळीओळीला "अगं" चिकटलं, मधूनमधून "बरं का",
शिळ्या भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं.
लिहिलं: जरा चुकू दे.
तर त्याने "आशीर्वाद"मधली वेलांटी चुकवली.
लुकमान तिथे चुकूच शकत नाही, तो "दुवा" लिहितो.
तो चुकतो तो असा:
वर विचारतो जेवलीस का,
खाली सही करून झाल्यावर परत विचारतो जेवलीस का.

शेवटी फोन पालथा घातला.
म्हटलं, ती इथे समोर असती तर काय बोलला असतास?

थेंब. थेंब.
डबा भरला. बिजू उठला, मोरीत ओतून आला, परत झोपला.
तेवढ्यात याचं सुरू झालं, भिंतीकडे बघत:
"सायकलच्या चेनला खोबऱ्याचा तेल लावू नको, माती धरतो.
शिलाई मशीनचा लाव. फडताळात हाय, निळी बाटली.
मी नव्हतो शिकवायला.
पडलीस तर आईला सांग, मना नको सांगू.
नको, मना पण सांग."

मी तसंच उतरवलं.
हात शिवशिवला "मना"चं "मला" करायला,
ती शेवटची दोन वाक्यं एकमेकांशी जुळवायला.
दिवसभर तेच करतो मी, आवक एवढी, जावक एवढी,
नाही जुळलं तर साहेब परत पाठवतो.
हे जुळत नव्हतं. पाठवून दिलं.

अकरा दिवसांनी दाभोळहून उत्तर:
"आदरणीय अब्बा, आपला संदेश वाचून माझे मन भारावून गेले.
आपल्या त्यागाचे मोल शब्दांत मांडणे अशक्य आहे."
लुकमान हसला.
"तिच्याकडं पण मास्तर हाय."
मग हसेना.

मी वाचत खाली गेलो. पाच परिच्छेद,
कुठे गाठ नाही, कुठे सुरकुती नाही,
आणि अगदी तळाला, नावाच्याही खाली,
"निली बाटली रिकामी हाय"

त्याने तेवढंच दोन बोटांनी मोठं केलं.
इतकं मोठं की नुसतं "निली" मावलं पडद्यावर.
मग खाटेखाली वाकून चप्पल शोधायला लागला.
शुक्रवारची दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही.
कुठे निघालास, विचारलं,
तर म्हणाला, बकाल्यात मशीनचा तेल ठेवतात का बघतो,
या महिन्यात दाभोळला कोण चाललाय
ते मागनं बघू.