बंबाची वही

लहानपणी मला वाटायचं, बंब म्हणजे
न्हाणीतला, तांब्याचा,
गोवऱ्या खाऊन पाणी तापवणारा.
बाप म्हणाला, गावात दुसरा एक आहे,
तो तापलेल्याला पाणी पाजतो.

ही त्या दुसऱ्याची वही.
बावतीस आल्मेडा, माझा बाप, पेन्सिलीनं लिहायचा,
कागद फाटेल एवढा जोर लावून.
पहिल्या पानावर: वलांड्यांना आग.
हंगामाचे सगळे बोंबील वाळत होते,
ते जळताना गावभर जेवणाचा वास सुटला
आणि कुणालाच भूक लागली नाही.
मालाडचा बंब आला तो मार्व्याच्या धक्क्यापर्यंत.
पुढे खाडी.
तिथंच उभा राहून घंटा वाजवत राहिला.
त्यांना सगळं दिसत होतं म्हणे, अगदी स्वच्छ.

मग वर्गणी निघाली. पैसेवाल्यानं पैसे,
बाकीच्यांनी टोपलीभर सुकट.
इनास लोहारानं हातगाडीवर पिंप बसवलं,
बंद गिरणीतला हातपंप जोडला.
दोघं दांडा मारायचे, चौघं ढकलायचे,
धूर बघायचं काम काथोड भंडाऱ्याकडे,
कारण गावात त्याच्याइतकं उंच कुणी नव्हतं,
तेही दिवसातून दोनदाच,
ताडावर असेल तेव्हा.

खरी गाडी नंतर आली, लिलावातली, नकट्या नाकाची,
उजवं दार सुंभानं बांधलेलं.
‘एकवीरा’ आणि ‘सांता मारिया’ शेजारी शेजारी बांधल्या,
वर फळ्या टाकल्या, उधाणाची वाट पाहिली.
मधल्या प्रवाहात फळ्या करकरल्या तेव्हा
दोन्ही बोटींवर दोन वेगवेगळ्या प्रार्थना चालू होत्या,
आणि गाडीत बसलेला पास्कू
ब्रेकवर पाय दाबून बसला होता,
जणू खाडीच थांबणार होती.
वहीत एवढंच: गाडी आली. पास्कूची चप्पल गेली.

पुढची पानं अशी:
बकरी, विहिरीत. काढली.
बकरी, तीच. काढली.
पेंढ्याची गंजी, रात्री दोन. अर्धी वाचली.
रेमेतच्या लेकीचं लग्न. आग नाही. पाणी दोन टाक्या.
क्लच गेला.
क्लचची वर्गणी. लोक कुरकुरले.

एका पानावर तारीख, आणि खाली
फिलू. वय सहा.
बाकी काही नाही.
त्या दिवशी टाकी रिकामी होती, हे मला
खूप उशिरा कळलं, आणि तेही दुसऱ्याकडून.
आदल्या संध्याकाळी पाणी कुणाच्या तरी
हळदीला दिलेलं.
बापाला मी एकदाच विचारलं.
तो उठला, आणि गाडीत पाणी भरायला गेला.
टाकी भरलेली होती.
तरी नळी लावून उभा राहिला,
पाणी वरून सांडत होतं, चाकांवरून खाली.

त्याच्यानंतर भोंगा माझ्याकडे आला, वहीही.
पोरं हसायची, बाई बंब चालवते.
गिअर टाकताना मी दोन्ही हात वापरायचे, तेव्हाही.

आता आमच्या बाजूला महापालिकेचं केंद्र झालंय.
तीन गाड्या, झकपक,
शिडी एवढी लांब की आमच्या गावात
तिला टेकायला घर नाही.
मंगळवारी कुर्ल्याहून भंगारवाला आला, सादिकभाई.
चाकाला टिचकी मारली, दाराचं सुंभ बघून हसला,
वाईट नव्हता माणूस.
म्हणाला, ताई, टाकी मोकळी करा,
पाणी वजनात धरत नाही.

मी चावी फिरवली.
आधी गंजाचं आलं, चहासारखं,
मग स्वच्छ.
पाऊण तास वाहत होतं.
कुणी बादल्या आणल्या, हिरूबायनं टोपली खंगाळली,
एक कुत्रं भिऊन भिऊन प्यालं.
सादिकभाईनं दोनदा घड्याळ पाहिलं,
मग तोही बंडीवर बसून बघत राहिला.

थेंब थांबले तेव्हा पेन्सिल शोधली.
बापासारखा जोर लागला नाही.
लिहिलं: टाकी रिकामी.
मग मागची सगळी पानं उलटून पाहिली,
हे दोन शब्द त्यानं कुठंच लिहिलेले नाहीत.