गाठी

प्रश्न तिसरा : पाण्याचे गुणधर्म लिहा.
बेचाळीस पेपरांत बेचाळीस वेळा
पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन.
बेचाळीस नव्हे, एकेचाळीस.
न्यारकोआनं लिहिलंय :
पाणी चहासारखं असतं, जास्त दुधाच्या.
त्याला डिझेलचा वास येतो.
चव आई घेऊ देत नाही.

जिल्ह्याहून आलेली उत्तरसूची म्हणते, शून्य.
खिडकीबाहेर, कोकोच्या झाडांमागे,
प्रा नदी मात्र तिचंच उत्तर गिरवते आहे.
मी शून्य काढायला घेतलं
आणि गोल अर्ध्यावर सोडला.
अजून तसाच आहे, आ वासून.

दुसऱ्या दिवशी वर्ग नदीवर नेला.
रंगाच्या डब्याचं झाकण,
त्यावर दोन पाव पांढरे, दोन पाव काळे,
मधोमध भोक, भोकातून दोरी,
दोरीला वीत-वीत अंतरावर गाठ.
सोपं आहे, म्हटलं. झाकण सोडायचं,
दिसेनासं झालं की भिजलेल्या गाठी मोजायच्या.
मी आठवीत होतो तेव्हा
याच पुलावरून नाणं टाकलं
तर तळाशी पडलेलं दिसायचं,
छापा की काटा, तेसुद्धा.
पोरं एकमेकांकडे बघून हसली.
मास्तर कधीकधी असं काहीबाही सांगतात.

एकोवनं दोरी सोडली.
झाकण पाण्याला टेकलं
आणि गेलं.
दोरी तुटली असं वाटलं सगळ्यांना.
ओढली तर झाकण होतं जागेवर,
काळंपांढरं सगळं एकाच रंगाचं.

वहीत तक्ता आखून दिला होता :
तारीख. ठिकाण. गाठी. कारण.
न्यारकोआचं अक्षर चांगलं, म्हणून ती लिहायला.
मंगळवार. पुलाखाली. शून्य.
कारणापाशी पेन्सिल थांबली.

तेवढ्यात वरच्या अंगाला मशीन सुरू झालं.
आवाज सगळ्यांच्या ओळखीचा.
कुणाचा मामा तिथे, कुणाचा थोरला भाऊ,
तिचा बाप, मांडीभर गाळात,
नदीचं पोट उपसून सोनं चाळणारा.
त्यातूनच तिचे बूट आले,
ही पेन्सिलही.
आणि गेल्या वर्षी माझा पगार तीन महिने अडला
तेव्हा पालकांनी वर्गणी जमवून दिली,
ती कुठल्या पाण्यातून आली
हे मी विचारलं नव्हतं.
मुकाट्यानं मोजून घेतली होती.

"सर, कारण एकच लिहायचं का?
चौकट लहान आहे."

मावेल तेवढं लिही, म्हटलं.
ती लिहीत राहिली.
चौकटीतून समासात,
समासातून पानाच्या मागे,
मान वर न करता.
मशीन थांबेपर्यंत.

वही माझ्या टेबलावर आहे. उघडलेली नाही.
झाकण घासून पाहिलं, पांढरा निघत नाही.
दोरी कुंपणावर वाळत घालायला गेलो
तर वाळवण्यासारखं काहीच नव्हतं :
एकही गाठ
भिजली नव्हती.