भिंतीकडे तोंड

सात वर्षं आमच्या खोलीत
देवाचं तोंड भिंतीकडे होतं.
मीच फिरवलं, तेराव्याला,
पाहुणे अशोक चौकातून रिक्षा धरून गेल्यावर.
काच भिंतीला, पुठ्ठा माझ्याकडे,
पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याचा जांभळा शिक्का.

मल्लय्याच्या डोंगरावरून पोराचं नाव ठेवलेलं, श्रीशैल.
त्यामुळं दोघांची नावं एकदमच बंद झाली.
शेजारी कुणी यात्रेचं बोललं
तरी माझी कात्री फर्मा सोडून जायची.

दिवसाला हजार विड्या.
ओल्या फडक्यात पानं, सुपात तंबाखू.
बोटं चालायची, मी तिथं नसायचे.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या.
झोप लागायची, पण सकाळी उठायचे ती
कुणी वापरून परत आणून ठेवल्यासारखी.

शरणव्वा म्हणाली, तळ्यावर चल,
सिद्धरामाच्या पायरीवर बस घटकाभर.
बसले.
मासे आले, चुरमुरे खाऊन गेले.
मला काही झालं नाही.

मग मार्चातली एक रात्र, पाण्याची पाळी, चौथा दिवस.
अडीचला नळ खोकला.
घागर ओढताना खांदा फ्रेमला लागला.
खिळा सैलच होता.

काच फुटली नाही.
मागं पालीची दोन अंडी, रिकामी.
आणि काचेच्या आत भिंतीची ओल शिरलेली,
देवाच्या एका गालाचा रंग गेलेला,
डोळा पार विरलेला.

मला वाटायचं मीच एकटी
भिंतीकडे तोंड करून निजते.

पानांच्या फडक्यानंच पुसलं.
तंबाखूचा वास लागला असेल, लागू दे.
"श्रीशैल," म्हटलं, मोठ्यानं.
कुणाला म्हटलं ते माझं मला कळलं नाही.
बाहेर शरणव्वा ओरडत होती,
नरसम्मा, घागर वाहतीय गं!
मी म्हटलं, वाहू दे एखादी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात छाट तेवढीच निघाली, चाळीस.
पण कारकुनाशी भांडले,
सात वर्षांत पहिल्यांदा.
येताना पावशेर शेंगाचटणी घेतली,
कडक भाकरी मोडून दारातच बसले.
तिखट लागलं.
नाकातून पाणी आलं इतकं तिखट.

गोळ्या डबीत आहेत अजून.
काही रात्री अर्धी लागते.
फोटो सरळ लावलाय.
एक डोळा नाही त्याला,
दुसऱ्यानं बघतो.
आम्ही एकमेकांना फार काही विचारत नाही.